नाममुद्रेपासून नामनोंदीपर्यंत : मावळातील तीन नावे आणि श्रेयसूचीचा प्रश्न

१

जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरचे सोमाटणे हे मावळ तालुक्यातील गाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात स्वतःच्या नावाने क्वचितच येते. तरीही त्याच्या भोवतालच्या काही मैलांच्या टापूत मराठी कर्तृनामाच्या इतिहासाचे तीन टप्पे एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. पूर्वेला इंद्रायणीकाठी देहू आहे. तेथील कवीने आपले नाव अभंगाच्या शेवटच्या चरणात गुंफले. लगतच तळेगाव दाभाडे आहे. तेथे दीर्घकाळ राहिलेल्या गोपाळ नीलकंठ दांडेकरांचे नाव ग्रंथांवर आद्याक्षरांनिशी छापले गेले आणि वाचकांनी त्या आद्याक्षरांचेच एक नवे नाव बनविले. दक्षिणेला पवनेचे खोरे आहे. दांडेकरांच्या ‘पवनाकाठचा धोंडी’ या कादंबरीवर अनंत ठाकूर यांच्या दिग्दर्शनाखाली १९६६ साली चित्रपट निघाला आणि ग्रंथावरचे नाव पडद्यावरच्या श्रेयनामावलीत गेले. मुद्रा, मुखपृष्ठ आणि पडदा ही कर्त्याच्या नावाची तीन स्थाने होत. प्रत्येक स्थानाने नावाचे रूप बदलले आणि त्याबरोबर कर्तृत्वाची कल्पनाही बदलली.

संगणकीय श्रेयसूची हे या क्रमातील चौथे स्थान. १९९० साली आरंभ झालेली आयएमडीबी ही आंतरराष्ट्रीय चित्रपटसूची घ्यावी किंवा एखाद्या ग्रंथालयाची संगणकीय तालिका घ्यावी. नावाविषयीच्या त्यांच्या अपेक्षा बऱ्याच अंशी सारख्या असतात. व्यक्ती एक असावी, तिचे मुख्य नाव एक असावे, त्या नावाचे व्यक्तिनाम आणि आडनाव असे भाग पाडता यावेत, आडनावावरून क्रम लावता यावा आणि दोन व्यक्तींचे नाव सारखे निघाल्यास त्यांना अंक वा जन्मवर्ष जोडून वेगळे करता यावे. पडद्यावर वेगळे रूप आले असल्यास ते मुख्य नावापुढे कंसात जाते. हा सारा व्यवहार वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा वाटतो आणि म्हणूनच समीक्षेने त्याची दखल घेतलेली नाही. परंतु लेखकाचे नाव हे केवळ व्यक्तिनिर्देशक विशेषनाम नसून संहितांच्या एका समूहाला एकत्र बांधणारे कार्य आहे, ही फूकोने १९६९ साली मांडलेली भूमिका मान्य केली, तर नावाची नोंद करणारा प्रत्येक रकाना कर्तृत्वाविषयी एक निर्णय घेत असतो, हेही मान्य करावे लागते. कोणत्या कृती कोणाच्या नावे एकत्र येतील आणि कोणत्या विखुरतील, हे त्या रकान्यांत ठरते.

मराठी नावांच्या संदर्भात हा निर्णय विशेष अवघड होतो, कारण मराठी नाव हे मुळात संबंधांचे पद आहे. स्वतःचे नाव, पित्याचे वा पतीचे नाव, कुळाचे वा गावाचे नाव, आदरवाचक प्रत्यय, घरगुती हाक, पदवी आणि टोपणनाव यांतून प्रसंगानुसार निवड होऊन ते सिद्ध होते. त्यामुळे या नावाचे कालातीत असे एक ‘शुद्ध’ रूप शोधणे ही दिशाच चुकीची ठरते. श्रेयनामावलीत आलेले प्रत्येक रूप हे त्या काळी, त्या माध्यमात, त्या व्यक्तीविषयी केलेले एक विधान असते. अचूक नोंद करावयाची तर छापील रूप, त्यामागील व्यक्ती आणि क्रमवारीसाठी योजलेले शीर्ष या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या राखून मग त्यांची सांगड घालावी लागते. मावळातील तीन नावांच्या आधाराने या प्रश्नाचा इतिहास तपासता येतो.

२

संतकवितेतील नाममुद्रा हे मराठीतील सर्वांत जुने आणि सर्वांत टिकाऊ श्रेय होय. हस्तलिखितापेक्षा मुखाने अधिक फिरणाऱ्या रचनेला मुखपृष्ठ नसते. म्हणून कर्त्याचे नाव रचनेच्या देहातच बसवावे लागते. ‘तुका’ हे नाव अभंगाच्या छंदाचा आणि वाक्यरचनेचा भाग झाल्यामुळे ते रचनेपासून सहजासहजी सुटत नाही. मात्र मुद्रेत आलेले नाव ‘तुकाराम बोल्होबा आंबिले’ असे नाही. कुळ आणि पिता यांचा निर्देश तेथे गळालेला आहे आणि नावाचे सर्वांत लहान, सलगीचे रूप उरले आहे. ग्रंथालयीन तालिकेला हे रूप चालते. १९७८ च्या आंग्ल-अमेरिकी तालिकीकरण नियमांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या भारतीय ग्रंथकारांची नोंद व्यक्तिनामाखाली आणि त्यानंतरच्यांची सामान्यतः आडनावाखाली करावी, असे ठरविले. या नियमामुळे देहूचे तुकाराम ‘तुकाराम’ म्हणून सापडतात, तर विसाव्या शतकातील तुकाराम भाऊराव साठे यांचा शोध ‘साठे’ या आडनावाखाली, तोही ‘अण्णा भाऊ’ या रूपात घ्यावा लागतो. ‘वैजयंता’ (१९६१) आणि ‘फकिरा’ (१९६३) या चित्रपटांच्या कथालेखकाचे जन्मनाम तुकाराम होते, हे त्यांच्या श्रेयावरून कोणालाही कळणार नाही. ‘अण्णा’ ही हाक आहे आणि ‘भाऊ’ हा पित्याच्या नावाचा संक्षेप आहे. एकाला ‘पहिले नाव’ आणि दुसऱ्याला ‘मधले नाव’ म्हणणे हे दोन्हींचे स्वरूप न ओळखण्यासारखे आहे.

मुद्रा ही व्यक्तीची स्वायत्त सही असते असेही नाही. तुकारामांचे बंधू कान्होबा यांच्या रचनांत कर्त्याचा निर्देश ‘तुकयाबंधु’ असा येतो. म्हणजे कवीचे श्रेय भावाच्या नावावाटे त्याच्याकडे पोहोचते. जनाबाई स्वतःला ‘नामयाची’ म्हणवितात. सोयराबाईंच्या मुद्रेत ‘चोखियाची महारी’ असा निर्देश येतो आणि त्यात पती व जात या दोन्ही गोष्टी आहेत, फक्त तिचे स्वतःचे नाव नाही. हे रूप आजच्या सूचीत कसे नोंदवावे? मुद्रा बाजूला सारून केवळ ‘सोयराबाई’ लिहिले तर कवयित्रीला तिचे नाव परत मिळते, पण ज्या शब्दांत तिने स्वतःला सांगितले ते शब्द पुसले जातात आणि त्या शब्दांतील सामाजिक वास्तवही पुसले जाते. मुद्रा हेच नाव मानले तर तिची ओळख कायमची दुसऱ्याच्या मालकीची राहते. पुढे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत स्त्रियांच्या नावांबाबत जो पेच उभा राहतो, त्याचे पूर्वरूप येथे दिसते.

नावाच्या सारखेपणामुळे व्यक्तींची गल्लत होणे हाही संगणकाने निर्माण केलेला प्रश्न नव्हे. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचना वेगळ्या काढण्यासाठी अभ्यासकांना दीर्घकाळ श्रम करावे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ज्ञानदेव दोन होते असा पक्ष मांडून मोठा वाद निर्माण केला. आणि हा वाद त्यांनी ‘भारद्वाज’ या टोपणनावाने केला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. एका नावामागे दोन व्यक्ती आहेत काय, असे विचारणारा स्वतः दोन नावांनी वावरत होता. ‘एक व्यक्ती, एक नाव’ हे सूचीचे गृहीत मराठी परंपरेने दोन्ही बाजूंनी मोडलेले आहे.

३

मुद्रणाने नाव रचनेबाहेर काढले आणि मुखपृष्ठावर स्वतंत्र जागी बसविले. या स्थलांतरानंतर नावाला अधिकृतपणा आला. पिता आणि आडनाव यांसह पूर्ण नाव छापण्याची रीत पडली. जोतीराव गोविंदराव फुले हे रूप पाहावे. येथे स्वतःच्या आणि पित्याच्या अशा दोन्ही नावांना ‘राव’ जोडलेला आहे. ज्या समाजाला इतरांकडून एकेरी हाक ऐकण्याची सवय लावली गेली होती, त्या समाजातील लेखकाच्या मुखपृष्ठावर हा प्रत्यय केवळ अलंकार राहत नाही. नंतरच्या काळात ‘जोती’चे ‘ज्योती’ करण्याची प्रवृत्ती बळावली. जोतिबा या लोकदैवताशी निगडित असलेले नाव संस्कृत ‘ज्योति’शी जोडले गेले आणि चूक दुरुस्त केल्याच्या समाधानात एक सांस्कृतिक संदर्भ नाहीसा झाला. नावाचे ‘शुद्धीकरण’ निरुपद्रवी नसते, याचे हे ठळक उदाहरण होय.

लेखननियमांचाही येथे संबंध येतो. १९६२ साली मान्य झालेल्या मराठी लेखनविषयक नियमांनुसार तत्सम ऱ्हस्व इकारान्त व उकारान्त शब्दांचा अंत्य स्वर मराठीत दीर्घ लिहिला जातो. म्हणून ‘विष्णु’चे ‘विष्णू’ होते, परंतु समासाच्या पूर्वपदात तो ऱ्हस्वच राहत असल्याने ‘विष्णुपंत’ असेच लिहावयाचे असते. या नियमांपूर्वी छापलेल्या मुखपृष्ठांवरचा ‘विष्णु’ नव्या सूचीत ‘विष्णू’ करावा काय? सूचीकार तसे करील तर संशोधकाला जुने मुखपृष्ठ आणि नवी नोंद यांची गाठ घालण्यासाठी मधली पायरी स्वतः शोधावी लागते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली सिद्ध केली, तेव्हा अशा हजारो नावांची व्यवस्था त्यांना संगणकाविना लावावी लागली. त्या कामामागे प्रत्येक ग्रंथ त्याच्या छापील रूपाशी ताडून पाहण्याची वृत्ती होती, आणि सूचीची विश्वसनीयता त्या वृत्तीतून येते.

आद्याक्षरे हे मुद्रणयुगाचे दुसरे अपत्य. येथे देवनागरी आणि रोमन या लिप्यांचा स्वभाव वेगळा पडतो. रोमन आद्याक्षर म्हणजे एकच वर्ण. देवनागरी आद्याक्षर म्हणजे स्वरचिन्हासह संपूर्ण अक्षर. म्हणून गोपाळचा ‘गो.’ होतो, ‘ग.’ होत नाही; नीलकंठचा ‘नी.’ होतो, चिंतामण त्र्यंबक यांचे ‘चिं. त्र्यं.’ होते आणि त्यात अनुस्वार व जोडाक्षर दोन्ही शाबूत राहतात. देवनागरी आद्याक्षर नावाचा अधिक भाग सांभाळून ठेवते. त्यावरून मूळ नावाचा अंदाज करता येतो आणि ते स्वतंत्रपणे उच्चारताही येते. ‘गोनीदा’ हे नाव यातूनच जन्मले. त्यातला ‘दा’ हा दांडेकरांचा असला तरी कानाला तो वडीलभावाच्या संबोधनासारखा लागतो आणि संक्षेप आदराचे रूप धारण करतो. रोमन लिपीत नाव नेताना मात्र जी. आणि एन. एवढेच उरते, आणि ‘गोनीदा’ हे नाव कोठून आले याचा मागही राहत नाही. ‘ना. धों. महानोर’ या नावात नामदेव हे संतनाम दडलेले आहे, ‘ना.’वरून मराठी वाचक तेथपर्यंत पोहोचू शकतो, रोमन ‘एन.’वरून कोणीही पोहोचणार नाही. दांडेकरांच्याच कथेवरील ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटात ही दोन्ही नावे, एक कथेसाठी आणि एक गीतांसाठी, एकत्र येतात.

दांडेकरांच्या नावात आणखी एक बारकावा आहे. ‘दांडेकर’ आणि ‘दाण्डेकर’ ही दोन्ही रूपे छापील पुस्तकांवर आढळतात. वाचणाऱ्याला त्यांत भेद जाणवत नाही. संगणकाला मात्र अनुस्वाराचे चिन्ह आणि ‘ण’चे जोडाक्षर ही दोन वेगळी चिन्हे आहेत, त्यामुळे दोन रूपे म्हणजे दोन व्यक्ती. सोमाटणे या ग्रामनामाचे रोमन लेखन कधी मधल्या अकारासह तर कधी त्याविना केले जाते. बोलताना लोपणारा हा अकार लिहावा की गाळावा याविषयी एकवाक्यता नसल्यामुळे असंख्य मराठी आडनावांच्याही अशाच जोड्या तयार झाल्या आहेत. रोमन लिपीत मोठ्या आणि छोट्या अक्षरांचा भेद आहे, म्हणून तेथील नियमावल्या त्याचा तपशिलाने विचार करतात. देवनागरीला तो भेदच ठाऊक नाही. तिच्यात अर्थभेद घडतो तो पूर्णविरामाने, जोडून वा तोडून लिहिण्याने, ऱ्हस्वदीर्घाने आणि ‘राव’, ‘पंत’, ‘बाई’ यांसारख्या प्रत्ययांनी. आणि नेमक्या याच गोष्टी सूचीत क्षुल्लक म्हणून गाळल्या जातात.

४

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मुद्रेची सलगी आणि मुखपृष्ठाचा अधिकृतपणा एकत्र आला, आणि त्यात इंग्रजी आद्याक्षरांची भर पडली. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३ साली पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीची नावे या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. व्ही. शांताराम यांचे पूर्ण नाव शांताराम राजाराम वणकुद्रे. येथील ‘व्ही.’ हे आडनावाचे, तेही रोमन लिपीतील आद्याक्षर आहे आणि ते व्यक्तिनामाच्या आधी आले आहे. त्याच संस्थेतील व्ही. दामले यांच्या नावातील ‘व्ही.’ मात्र विष्णु या व्यक्तिनामाचा आहे. एकाच संस्थेत, एकाच काळात, एकाच अक्षराची व्याकरणिक स्थाने परस्परविरुद्ध आहेत. ‘शेवटचा शब्द म्हणजे आडनाव’ हा सूचीचा नियम दामल्यांना न्याय देतो, पण शांतारामांच्या व्यक्तिनामाला आडनाव ठरवितो. गंमत अशी की इतिहासाने या चुकीला नंतर खरे केले. पुत्र किरण यांच्या नावात ‘शांताराम’ हे आडनावाच्या जागी स्थिरावले. एक व्यक्तिनाम एका पिढीत कुळनाम झाले आणि श्रेयनामावलीतील रूपाने कुटुंबाचे नाव घडविले.

प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाची नामावली तर मराठी नामपद्धतीचा एक लघुकोशच आहे. दिग्दर्शक व्ही. दामले आणि एस. फत्तेलाल. दुसऱ्या नावातील ‘एस.’ हा शेख फत्तेलाल या नावातील ‘शेख’चा, परंतु चित्रपटसृष्टी त्यांना ‘साहेबमामा’ म्हणून ओळखीत असल्याने त्या हाकेचेही ते आद्याक्षर ठरते. दोघांचा उल्लेख बहुधा ‘दामले-फत्तेलाल’ असा जोडनावाने होतो, आणि त्यात एका हिंदू आडनावाची सांगड एका मुसलमान व्यक्तिनामाशी घातली जाते; सूचीच्या दृष्टीने मात्र दोन्ही ‘आडनावे’च. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. येथे ‘पंत’ हा आदरार्थी प्रत्यय नावाचाच अवयव झालेला आहे आणि तो काढून टाकल्यास नट ओळखू येणार नाही. जिजाईच्या भूमिकेत गौरी. ना पिता, ना पती, ना आडनाव. संगीत केशवराव भोळे यांचे. आणि गीतांच्या श्रेयात दोन कवी : सतराव्या शतकातील तुकाराम आणि प्रभातचे गीतकार शांताराम आठवले.

या शेवटच्या जोडीत श्रेयाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक पद इतके तुकारामसदृश उतरले की अनेक श्रोत्यांनी ते गाथेतीलच मानले, आणि गाथेत त्याचा शोधही घेतला गेला असे सांगितले जाते. १८६९ साली इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेल्या आवृत्तीपासून गाथेच्या संपादकांनी कोणते अभंग तुकारामांचे आणि कोणते इतरांचे हा विवेक करण्यासाठी परिश्रम घेतले होते. चित्रपटाने त्या विवेकाला नव्याने आव्हान दिले. येथे श्रेयनामावली हाच एकमेव पुरावा उरतो. ती नीट नोंदविली गेली नाही तर आठवले यांचे पद तुकारामांच्या नावावर जमा होते. कवीचा सर्वांत मोठा विजय त्याच्या नावाच्या लोपात परिणत होतो. हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. ‘गौरी’ या एका शब्दाखाली नोंद झालेल्या अभिनेत्रीच्या जिजाईने समीक्षकांची वाहवा मिळविली. मात्र सूचीच्या रकान्यांना हे नाव अपुरे वाटते. त्याच नावाच्या इतर व्यक्तींपासून वेगळे काढण्यासाठी तिला अंक जोडावा लागतो, आणि जिच्या कामाला नाव आहे तिच्या नावाला क्रमांक मिळतो.

पदवी आणि नाव यांच्या सरहद्दीवरची उदाहरणेही याच काळातली आहेत. प्रभातच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटात एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली. नारायण श्रीपाद राजहंस, रामभाऊ कुंदगोळकर आणि शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ हे तीन भिन्न घराण्यांत जन्मलेले कलावंत बालगंधर्व, सवाई गंधर्व आणि कुमार गंधर्व म्हणून ओळखले गेले. शेवटच्या शब्दाला आडनाव मानणारी सूची त्यांचे एक गंधर्व कुटुंब बनवील. त्याउलट बाबूराव पेंटर यांच्या बाबतीत व्यवसायवाचक शब्दाने मूळच्या मेस्त्री या आडनावाची जागा खरोखरच घेतली होती. ‘गंधर्व’ आडनाव नाही आणि ‘पेंटर’ आहे, हा भेद शब्दांच्या रूपात कोठेही दिसत नाही. तो केवळ इतिहास जाणणाऱ्याला कळतो.

५

स्त्रियांच्या नावांत हा इतिहास अधिक कठोर होतो. रतन साळगावकर या नावाने जन्मलेली अभिनेत्री ‘विजयाची लग्ने’ (१९३६) पासून हंसा वाडकर या नावाने पडद्यावर आली. चित्रपटात काम करणाऱ्या मुलीने घराण्याचे आडनाव लावू नये, हा त्या काळच्या प्रतिष्ठेचा संकेत होता. आणि घराण्याने नाकारलेल्या नावाऐवजी घेतलेल्या नावाने तिने ‘संत सखू’ (१९४१) आणि ‘रामजोशी’ (१९४७) सारख्या चित्रपटांतून कीर्ती मिळविली. ‘सांगत्ये ऐका’ हे तिचे आत्मकथन १९७० साली ग्रंथरूपाने आले, तेही याच नावाने. सूचीतील ‘जन्मनाम’ हा रकाना येथे तटस्थ राहत नाही. ते ‘खरे’ नाव आणि पडद्यावरचे ‘धारण केलेले’ नाव, अशी उतरंड तो सुचवितो. परंतु ज्या नावाने काम झाले, ज्या नावाने जीवनाची कैफियत मांडली गेली, ते नाव कमी खरे कसे? जन्मनामाची माहिती चरित्राचा भाग म्हणून अवश्य असावी. श्रेयाचे शीर्ष म्हणून ती पुढे आणली तर ज्या प्रतिष्ठेने नाव हिरावून घेतले तिच्याच हाती निकाल सोपविल्यासारखे होते.

विवाहाने नाव बदलण्याची रीत श्रेय दुभंगून टाकते. सुलोचना कदम या नावाने हिंदी चित्रपटांत गायलेली गायिका पुढे सुलोचना चव्हाण म्हणून लावणीगायनात अग्रगण्य ठरली. दोन आडनावांखालच्या नोंदी जोडल्या नाहीत तर एका गायिकेची पूर्वकारकीर्द आणि उत्तरकारकीर्द यांचे संबंध तुटतात. दुसऱ्या बाजूने, केवळ ‘सुलोचना’ या नावाखाली तीन व्यक्ती भेटतात : मूकपटांच्या युगातील रूबी मायर्स, मराठी व हिंदी चित्रपटांतील सुलोचना लाटकर, आणि ही गायिका. एकविसाव्या शतकात हीच स्थिती दोन सोनाली कुलकर्णींनी पुन्हा आणली. ‘दोघी’ (१९९५) मधील आणि ‘नटरंग’ (२०१०) मधील अभिनेत्री नावाआडनावासकट सारख्याच. सूची त्यांना अंकाने वेगळे करते. मराठी व्यवहारात मात्र पित्याचे नाव, गावाचे नाव किंवा कृतीचे नाव जोडून भेद करण्याची पद्धत आहे, आणि अंकापेक्षा ती अधिक माहिती देते.

टोपणनावांचा प्रश्न याहून निराळा आहे, कारण तेथे लोप किंवा बंधन नसून निवड असते. लता मंगेशकर यांनी ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५) आणि ‘तांबडी माती’ (१९६९) या चित्रपटांना ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले. गायिकेचे नाव जगाला ठाऊक होते. संगीतकाराचे नाव तिने त्यापासून अलग ठेवले. सूचीने ‘आनंदघन’ पुसून तेथे थेट ‘लता मंगेशकर’ लिहिले तर माहिती बरोबर होईल, परंतु त्या संगीताला प्रसिद्ध नावाच्या आधाराविना श्रोत्यांसमोर ठेवण्याचा हेतू इतिहासातून गळून जाईल. दोन नावे न जोडता ठेवली तर संगीतकार म्हणून तिचे कर्तृत्व अदृश्य होईल.

आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर यांचे उदाहरण मराठी अभ्यासकांना परिचित आहे. कवितेसाठी एक नाव आणि कथा, कादंबरी व नाटक यांसाठी दुसरे, ही विभागणी या लेखकाने कसोशीने पाळली. चित्रपटाच्या नोंदींतही ती उतरली. ‘सामना’ (१९७५) या चित्रपटातील गीताचे श्रेय आरती प्रभूंना आहे, तर शांतारामांच्या ‘चानी’ (१९७७) या चित्रपटाची कथा खानोलकरांच्या कादंबरीवर आधारलेली आहे. मराठीशी अपरिचित सूचीकाराला एक गीतलेखिका आणि एक कादंबरीकार दिसतील. नावावरून लिंगही बदलेल. येथे सूचीची चूक ही वाङ्मयप्रकारांच्या सीमारेषेविषयीची चूक ठरते. कारण या दोन नावांमधील अंतर हा त्या लेखकाच्या कवित्वविषयक भूमिकेचा भाग होता. ते अंतर जसेच्या तसे ठेवूनच दोन्ही नोंदी एका व्यक्तीपाशी आणणे आवश्यक आहे.

६

या विवेचनातून नामनोंदीविषयी काही तत्त्वे निघतात. पहिले, कृतीवर जे रूप छापले गेले ते अक्षरशः, त्याच्या ऱ्हस्वदीर्घासह, आद्याक्षरांसह आणि प्रत्ययांसह, कृतीच्या नोंदीत राहिले पाहिजे; तो पुरावा आहे आणि पुराव्याची दुरुस्ती करावयाची नसते. दुसरे, एका व्यक्तीची सर्व रूपे एकमेकांशी जोडणारी स्वतंत्र व्यक्तिनोंद हवी, आणि त्यांतील कोणत्याही एका रूपाला ‘खरे’ म्हणण्याची सक्ती तिने करू नये. तिसरे, क्रमवारीचे शीर्ष ही निव्वळ सोय आहे, ‘शांताराम, व्ही.’ असे शीर्ष सोयीचे असले तरी त्यावरून शांताराम हे जन्माने मिळालेले आडनाव होते असे विधान होऊ नये. चौथे, देवनागरी रूप हे मूळ मानून रोमन रूप त्यापासून साधावे. उलट दिशेने प्रवास केल्यास ‘गो.’, ‘चिं.’, ‘त्र्यं.’ यांतील हरवलेली अक्षरे परत मिळविता येत नाहीत.

यावर असा आक्षेप संभवतो की इतकी रूपे सांभाळल्यास सूची शोधण्यास अवघड होईल. तो निराधार नाही. परंतु ज्या यंत्राला लक्षावधी नोंदी क्षणात चाळता येतात त्याला एका व्यक्तीची पाच नावे लक्षात ठेवणे जड नाही. अवघड असते ते ही पाच नावे एकाच व्यक्तीची आहेत हे ठरविणे, आणि ते काम भाषा व वाङ्मय जाणणाऱ्या माणसानेच करावयाचे असते. तेथे ग्रंथसूचीकार, चित्रपटसंग्रहाचा अभ्यासक आणि वाङ्मयेतिहासकार यांची कामे एकमेकांत मिसळतात. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केलेल्या चित्रफिती, छापील गीतपुस्तिका आणि जाहिराती हे या कामाचे मूळ साधन आहे. पडद्यावरचे नाव आणि पुस्तिकेतले नाव यांत फरक आढळला तर दोन्ही नोंदवावी लागतात.

नावाची चौकट स्वतःही स्थिर नाही. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावाचा शासकीय क्रम स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा झाला. या पिढीतील कवी, नट आणि तंत्रज्ञ जेव्हा श्रेयनामावलीत येतील तेव्हा ‘मधले नाव’ हा एकवचनी रकाना त्यांना पुरणार नाही. सोयराबाईंच्या मुद्रेत पती होता, मुखपृष्ठावरील नावात पिता आला, आता आई आली. संबंध बदलत गेले, पण नाव संबंधांतून सिद्ध होते ही मराठी रीत टिकून राहिली. त्या पिढीच्या सूचीकारासमोरही प्रश्न तोच असेल : दोन आद्याक्षरांपैकी आईचे कोणते आणि वडिलांचे कोणते, हे त्याला कृतीवरच्या छापील नावाकडे पुन्हा जाऊनच शोधावे लागेल.